वकील कोणता धरावा?

आमच्या रत्नागिरीच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात लाल फडक्यात बांधलेलं एक दप्तर होतं आणि लहानपणी आम्हाला त्याला हात लावायची बंदी होती. आजोबा गेल्यावर ते दप्तर सोडलं. आत आमच्या आंब्याच्या बागेचा कज्जा होता. भाऊबंदांतला वाटणीचा दावा, खालच्या कोर्टात विरुद्ध गेलेला. वर जिल्हा न्यायालयात अपील करायला मुदत होती तीस दिवसांची. आजोबांनी त्या वेळी गावात ज्याचा सगळ्यात बोलबाला होता तो वकील धरला. खुनाच्या आरोपातली माणसं सोडवून आणणारा, कोर्टात उभा राहिला की साक्षीदाराला घाम फोडणारा. पण हुकूमनाम्याच्या नकलेचा अर्ज त्याच्याकडून वेळेवर झाला नाही, अपील मुदतीनंतर दाखल झालं आणि उशीर माफ झाला नाही. बाग गेली. आजोबा या विषयावर फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "वकील मोठा होता रे, पण आपल्या कामाचा नव्हता."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पण जमीन, घर, संसार, नोकरी, वारसा यांतलं काही ना काही माणसाला त्या पायरीवर नेऊन उभं करतंच. पायरी चढावीच लागली तर कोणाचा हात धरून चढायची, हे ती म्हण सांगत नाही. ते समजायला आपल्याकडची वकिली कशी घडली, हे थोडं मागे जाऊन पाहायला हवं.

पेशवाईत 'वकील' हा शब्द होता, पण त्याचा अर्थ वेगळा. एका दरबारातून दुसऱ्या दरबारात पाठवलेला प्रतिनिधी तो वकील. वतनाचा किंवा वाटणीचा तंटा गोतापुढे, पंचायतीपुढे जाई. वादी-प्रतिवादी आपलं म्हणणं स्वतः मांडत, आपल्या बाजूचे साक्षीदार आणि कागद स्वतः आणत. फी घेऊन दुसऱ्याच्या वतीने कायदा बोलणारा माणूस हा इंग्रजी अमलाबरोबर आला. १८२७ साली एल्फिन्स्टनच्या काळात मुंबई इलाख्यासाठी कायद्यांची जी संहिता झाली, तिने अदालतींची रचना ठरवली, तशी वकिलांच्या सनदेचीही व्यवस्था लावली. 'सनदी वकील' हा आपल्या मराठी मुलखातला ओळखीचा माणूस तिथून पुढचा.

मात्र मुंबई शहरात त्याच वेळी वेगळंच जग नांदत होतं. तिथे १७२८ पासून मेयर्स कोर्ट होतं, १७९८ साली रेकॉर्डर्स कोर्ट आलं आणि १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट सुरू झालं. ही राजाच्या सनदेची न्यायालयं. तिथला कायदा इंग्रजी, भाषा इंग्रजी आणि वकीलही इंग्लंडहून आलेले. बाहेर, म्हणजे ज्याला मोफसल म्हणत त्या मुलखात, कंपनी सरकारच्या अदालती आणि त्यांच्या माथ्यावर सदर अदालत. एका जगातला वकील दुसऱ्या जगात सहज जाऊ शकत नसे. १८४६ च्या कायद्याने वकिलीची दारं जात-धर्म न पाहता लायक माणसाला उघडली आणि बॅरिस्टरांना सदर अदालतीत उभं राहायची मुभा दिली. पण सदर अदालतीतल्या देशी वकिलाला सुप्रीम कोर्टात मज्जावच राहिला.

१४ ऑगस्ट १८६२ ला मुंबई हायकोर्ट सुरू झालं, तेव्हा ही दोन जगं एका छपराखाली आली, पण एकजीव झाली नाहीत. हायकोर्टाच्या दोन बाजू झाल्या. मुंबई शहरातले मोठे दिवाणी दावे थेट हायकोर्टातच दाखल होत, ती 'ओरिजिनल साइड'. जिल्ह्याजिल्ह्यांतून अपिलं येत, ती 'अपेलेट साइड'. या दोन बाजू आजही आहेत. नवख्या पक्षकाराला वाटतं हायकोर्ट म्हणजे एकच कोर्ट. पण तिथे रोज काम करणारे वकीलसुद्धा बहुतेक कोणत्या तरी एका बाजूचे असतात.

ओरिजिनल साइडवर वकिलीचेही दोन भाग होते. पक्षकाराने जायचं ते सॉलिसिटरकडे. त्याचं कागदोपत्री नाव 'अ‍ॅटर्नी'. तो पक्षकाराची हकीकत ऐकून घेई, पत्रव्यवहार चाळी, दस्तऐवज जमवी, नोटीस देई, आणि मग सगळ्याची नीट मांडणी करून बॅरिस्टरकडे 'ब्रीफ' पाठवी. कोर्टात उभं राहून बोलायचं ते बॅरिस्टरने. सॉलिसिटरमार्फत आल्याखेरीज बॅरिस्टरला तिथे काम घेता येत नसे. आणि जो बॅरिस्टर नाही, पण कायदा कोळून प्यालेला आहे, अशा देशी वकिलाला ओरिजिनल साइडवर उभं राहता येत नसे.

ही पद्धत महाग होती, कारण दोघांची फी द्यावी लागे. पण तिच्यात एक सोय होती, ती आपण आज विसरलो आहोत. कोणत्या कामाला कोणता बॅरिस्टर, याची निवड पक्षकाराच्या वतीने सॉलिसिटर करी. जहाजाच्या मालाचा तंटा असेल तर कोण, मृत्युपत्राचा असेल तर कोण, ज्युरीसमोरचा फौजदारी खटला असेल तर कोण, हे त्याला रोजच्या अनुभवाने ठाऊक असे. व्यापाऱ्याला बॅरिस्टरांची पारख असण्याची गरज नव्हती. विश्वासाचा सॉलिसिटर तेवढा शोधायचा. मुंबईतल्या पहिल्या पिढीतले एक देशी सॉलिसिटर कमरुद्दीन तय्यबजी. १८५८ साली इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांचे धाकटे बंधू बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ साली मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर झाले आणि पुढे न्यायमूर्ती. १८९४ साली मुंबईच्या सॉलिसिटरांनी आपली संस्था, बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी, स्थापन केली.

अपेलेट साइडला मराठी माणसाचं कर्तृत्व दिसतं. कोकणातल्या मुरुडहून आलेले विश्वनाथ नारायण मंडलिक बॅरिस्टर नव्हते. पण 'व्यवहारमयूख' हा धर्मशास्त्रावरचा ग्रंथ इंग्रजीत आणून त्यावर टिपा लिहिणारा माणूस दत्तक, वाटणी, स्त्रीधन या प्रश्नांवर बोलायला उभा राहिला, की समोरच्या बॅरिस्टरला त्याचं ऐकावं लागे. काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणखी एक पाऊल पुढे गेले. विलायतेला न जाता, हायकोर्टाची अवघड परीक्षा देऊन ते १८७२ साली ओरिजिनल साइडचे अ‍ॅडव्होकेट झाले. इंग्रजी कायदा आणि संस्कृत धर्मशास्त्र दोन्हीवर त्यांची सारखी हुकमत.

अशा दुहेरी जाणकाराची गरज कुठे लागते, याचं उदाहरण म्हणजे रखमाबाईंचा खटला. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देत होत्या आणि नवऱ्याने १८८४ साली हायकोर्टात दावा लावला. नांदायला येण्याची सक्ती करणारा हा उपाय मुळात इंग्लंडच्या कायद्यातला. तो हिंदू विवाहाला लागू होतो का, हा त्यातला पेच. तेलंग रखमाबाईंच्या बाजूच्या वकिलांत होते. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला, १८८७ साली 'नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग' असा हुकूम झाला. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या.

आता पक्षकाराच्या बाजूने हाच प्रश्न पाहू. यासाठी लोकमान्य टिळकांइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही. टिळक स्वतः १८७९ साली एलएल. बी. झाले होते, पुण्यात त्यांनी कायद्याचे वर्ग चालवले. वकिली मात्र केली नाही. पण कोर्टाची पायरी त्यांच्याइतक्या वेळा क्वचितच कोणी चढलं असेल, आणि दर वेळी त्यांच्या बाजूचा माणूस वेगळा होता.

१८९७ साली राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. जामीन आधी नाकारला गेला होता. दिनशा दावर या बॅरिस्टरांनी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे अर्ज चालवला आणि जामीन मिळाला. प्रत्यक्ष खटल्यासाठी कलकत्त्याहून प्यू आणि गार्थ हे बॅरिस्टर आले, बंगालमधल्या मित्रांच्या मदतीने. ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे १९०८ साली पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जिनांनी केला. तो फेटाळणारे न्यायमूर्ती होते तेच दावर, ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी टिळकांसाठी जामीन मागितला होता. खटल्यात टिळकांनी वकील दिला नाही. स्वतःच बोलायला उभे राहिले आणि एकवीस तास दहा मिनिटं बोलले. त्यांना ज्युरीपलीकडे देशाला सांगायचं होतं, आणि ते काम दुसऱ्याकडून होण्यासारखं नव्हतं. शिक्षा सहा वर्षांची झाली, मंडाले.

१९१६ साली प्रश्न वेगळा होता. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने चांगल्या वर्तणुकीबद्दल वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. इथे देशाला उद्देशून भाषण करण्याची गरज नव्हती. कायद्याच्या कलमावर, शब्दांवर, नेमकं बोट ठेवणारा माणूस हवा होता. हायकोर्टात जिनांनी ते काम केलं आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये तो हुकूम रद्द झाला.

ताईमहाराज प्रकरण तर वकील निवडू पाहणाऱ्याने मुद्दाम अभ्यासावं असं आहे. स्नेह्याच्या मृत्युपत्राचे टिळक एक विश्वस्त. त्यांच्या विधवेने, ताईमहाराजांनी, जून १९०१ मध्ये औरंगाबादला दत्तक घेतला. तो दत्तक खरा की नाही, यावर भांडण पेटलं. पाहायला गेलं तर प्रकरण एकच. पण कोर्टात त्याच्या किती फांद्या फुटल्या पाहा. पहिली मृत्युपत्राच्या प्रोबेटची. १९०२ साली पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशाने ते रद्द केलं. तिच्यातून दुसरी फांदी निघाली खोट्या साक्षीच्या फौजदारी खटल्याची. १९०३ साली टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, सेशन्स कोर्टात ती सहा महिन्यांवर आली आणि मार्च १९०४ मध्ये हायकोर्टाने ती साफ रद्द केली. तिसरी फांदी दत्तकाच्या दिवाणी दाव्याची. १९०६ साली पुण्याला निकाल टिळकांच्या बाजूने, १९१० साली हायकोर्टात विरुद्ध, आणि १९१५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये पुन्हा बाजूने. चौदा वर्षं गेली. पुण्याच्या कोर्टातला साक्षीपुरावा जाणणारा, फौजदारी अपील जाणणारा, धर्मशास्त्रातला दत्तक जाणणारा आणि लंडनमध्ये काम चालवणारा, असे चारही जाणकार या एका प्रकरणाला लागले.

आणि जागा चुकली की काय होतं, तेही टिळकांच्याच आयुष्यात दिसतं. सर व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या १९१० च्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकातल्या मजकुराबद्दल टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन. दोघेही इंग्लंडमधले अव्वल वकील. पण १९१९ च्या लंडनमध्ये इंग्रज ज्युरीपुढे हिंदी पुढाऱ्याची अब्रू किती वजनाची ठरणार होती? दावा हरला, खर्चाचा डोंगर झाला, आणि तो फेडायला लोकांनी वर्गणी गोळा केली. वकील चांगला असूनही ठिकाण आपलं नसलं तर त्याचा हात आखडतो.

टिळकांना माणसं जोडलेली होती, योग्य वकील सुचवणारे मित्र होते. सामान्य पक्षकाराला कोण सुचवी? कोर्टाच्या आवारातला दलाल. स्टेशनवर, धर्मशाळेत, खानावळीत तो गिऱ्हाईक गाठी आणि वकिलाकडून आपला हिस्सा घेई. बॅरिस्टर होऊन १८९१ साली परतलेल्या गांधीजींनी मुंबईत या दलालांना कमिशन द्यायला नकार दिला, असं त्यांनीच आत्मचरित्रात सांगितलं आहे. लघुवाद न्यायालयात त्यांना पहिलं काम मिळालं, तीस रुपये फीचं. उलटतपासणीला उभे राहिले आणि शब्द फुटेना. खाली बसले, फी परत केली आणि पक्षकाराला दुसरा वकील धरायला सांगितलं. नवशिक्या वकिलाने आपल्याला हे काम जमणार नाही असं पक्षकाराला तोंडावर सांगणं, ही त्या गोष्टीतली मोठी बाजू आहे.

तेच गांधीजी १८९३ साली दादा अब्दुल्लांच्या दाव्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. दावा चाळीस हजार पौंडांचा. दादा अब्दुल्लांकडे तिथले नामांकित वकील होतेच. अडत होतं ते गुजराती हिशेबाच्या वह्या आणि पत्रव्यवहार त्या वकिलांना समजावून सांगणाऱ्या माणसावाचून. तेवढं काम नेमकं ओळखून त्यांनी माणूस आणला. गांधीजींनी वह्या वाचल्या, जमाखर्च शिकून घेतला, आणि शेवटी दोन्ही बाजूंना लवादाकडे नेऊन तंटा मिटवला. मुंबईत मुका झालेला बॅरिस्टर तिथे नेमका कामाचा ठरला.

दलालांचा उपद्रव इतका होता, की १८९६ साली कायद्यात दुरुस्ती करून कोर्टांना दलालांच्या याद्या लावण्याचा अधिकार दिला गेला. तो १८७९ चा जुना कायदा २०२३ साली रद्द झाला, पण दलालांच्या यादीचं कलम मात्र अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये नव्याने घालावं लागलं. सव्वाशे वर्षांत दलाल गेलेला नाही, एवढंच यावरून समजायचं.

आणखी एका पक्षकाराचा विचार फार उशिरा झाला. तो म्हणजे बाई. पडद्यातल्या बाईने परपुरुष वकिलासमोर आपल्या सासरची, नवऱ्याची, दागिन्यांची हकीकत कशी सांगायची? सांगितली नाही तर वकील काय मांडणार? नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली ती या बायकांसाठी. पण वकिलीचं दार स्त्रियांना १९२३ च्या कायद्याने उघडलं. मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री बॅरिस्टर मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम, याच सुमाराच्या. पक्षकार ज्याच्यापाशी मोकळेपणाने सगळं, अगदी स्वतःची चूकसुद्धा, सांगू शकतो तो वकील उपयोगाचा. ही कसोटी आजच्या घटस्फोटाच्या, पोटगीच्या, घरातल्या छळाच्या प्रकरणांत पहिली लावावी.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट आला. प्लीडर, वकील, बॅरिस्टर हे सगळे भेद जाऊन 'अ‍ॅडव्होकेट' हा एक वर्ग झाला. मुंबई-कलकत्त्याची सॉलिसिटर-बॅरिस्टर ही सक्तीची जोडी मात्र १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत टिकली आणि १९७७ पासून संपली. मुंबईत सॉलिसिटरची परीक्षा आजही होते, तीन वर्षांची उमेदवारी करावी लागते, फोर्टातल्या पाट्याही आहेत. पण त्यांच्यामार्फतच जायला हवं असा कायदा राहिला नाही. ही सुधारणा योग्यच होती. दोन फियांचा भार गेला, मराठी वकिलाला अडवणारी भिंत गेली. मात्र तिच्याबरोबर वकील निवडून देणारा माणूसही गेला. ते काम आता तुमच्या-माझ्यावर आलं आहे. आणि सनद सगळ्यांची सारखी असल्यामुळे पाटीवरून काहीच कळत नाही. वकिलांना जाहिरात करण्याची मनाई आहे. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी मोजकी माहिती देता येते, इतकंच.

म्हणून जे काम पूर्वी फोर्टातला सॉलिसिटर करी, ते आपणच करून पाहावं. पहिला प्रश्न, माझं काम कोणत्या कोर्टातलं? सातबाऱ्यावरच्या फेरफाराचं भांडण तहसीलदार आणि प्रांतांपुढे चालतं. तिथे महसुलाची कामं रोज पाहणारा तालुक्याचा वकील हायकोर्टातल्या नामवंतापेक्षा उपयोगी. मुंबईतल्या भाडेकरूचं काम लघुवाद न्यायालयात. गृहनिर्माण संस्थेतली बरीचशी भांडणं सहकार न्यायालयात. कौटुंबिक न्यायालयात तर १९८४ च्या कायद्याप्रमाणे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही, त्याला न्यायालयाची परवानगी लागते. ग्राहक आयोगात वकिलाशिवायही स्वतः बोलता येतं. आणि सावंतवाडीच्या माणसाने गोव्यात घर घ्यायचं ठरवलं, तर वकील गोव्यातलाच हवा. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा सामाईक असते, विकणाऱ्याच्या बायकोची सहीही पाहावी लागते. आपल्या बाजूचा उत्तम दिवाणी वकील नेमका इथे चुकू शकतो.

दुसरा प्रश्न वकिलाला सरळ विचारावा. अशी कामं तुम्ही नेहमी करता का? तारखेला कोर्टात उभं कोण राहणार, तुम्ही की तुमचे ज्युनियर? फी एकरकमी की तारखेवर? पावती मिळेल का? या प्रश्नांचा चांगल्या वकिलाला राग येत नाही. 'निकाल आपलाच' अशी हमी देणाऱ्यापासून मात्र दूर राहावं. साहेब आपल्या ओळखीचे आहेत, असं सांगणाऱ्यापासून तर फारच दूर.

तिसरी गोष्ट, मुदत. पहिल्याच भेटीत विचारावं की या कामाची शेवटची तारीख कोणती, आणि ती आपल्या डायरीत आपल्या हाताने लिहावी. निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज झाला का, हे पाहावं. प्रत्येक कागदाची प्रत आपल्या घरी ठेवावी. वकीलपत्रावर वाचल्याशिवाय सही करू नये. आता प्रत्येक प्रकरणाला सोळा आकडी-अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तो मोबाइलवर टाकला की पुढची तारीख कळते. विश्वास नसेल तर वकील बदलता येतो. पण तेही मुदत संपण्याआधी. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही असं सांगितलं आहे. तेव्हा पुढे तक्रार करण्यापेक्षा आधी पारख करणं जास्त गरजेचं.

पैशाची अडचण असेल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, कोठडीतली माणसं, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी माणसं दागिने विकून पहिल्या भेटलेल्या दलालाच्या हाती लागतात.

ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिलं आता तिथे चालतात. मुंबईची रात्रीची गाडी, लॉजचं भाडं, न ओळखणारा वकील, यातून आमच्या भागातला माणूस थोडा सुटला. या वाटेवर आता नवे वकील तयार होत आहेत आणि त्यांची पारख आमच्याच माणसांना करायची आहे.

परवा चुलतभावाचा रत्नागिरीहून फोन आला. हद्दीचा काही वाद निघाला आहे, चांगला वकील सुचव म्हणाला. मी नाव सांगितलं नाही. आधी विचारलं, हातात कागद कोणता आला आहे, तो कोणत्या कचेरीचा, आणि त्यावर तारीख काय आहे? तो ट्रंकेतलं जुनं दप्तर शोधायला माळ्यावर गेला आहे.